नळी, काच आणि दूरचं पाहणं

२५ सप्टेंबर १६०८ रोजी नेदरलँड्समधल्या झीलंड प्रांताच्या कारभाऱ्यांनी हेगमधल्या आपल्या प्रतिनिधींना एक शिफारसपत्र लिहिलं. पत्र घेऊन निघालेल्या माणसाकडे असं एक साधन आहे की ज्यातून फार लांबच्या वस्तू जवळ असल्यासारख्या दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. हा माणूस मिडलबर्ग गावचा चष्मेवाला, हान्स लिपरहे. आठवड्याभरात, २ ऑक्टोबरला, त्याचा एकाधिकाराचा अर्ज तिथल्या राज्यसभेपुढे आला आणि पुढे फेटाळला गेला. साधन इतकं सोपं होतं की कुणीही नक्कल केली असती. शिवाय असलं साधन आपल्याकडेही आहे, असं म्हणणारे आणखी काहीजण तोवर उभे राहिले होते. सभेने पैसे मोजून त्याच्याकडून दोन्ही डोळ्यांनी पाहायची साधनं मात्र करून घेतली. सरकार कुठलंही असो, वस्तू हवी असते, हक्क द्यायचा नसतो.

पेटंटच्या या भांडणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या पत्रातली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. साधनाला नाव नाही. नावाच्या जागी अख्खं वाक्य आहे.

पुढची अडीच वर्षं हे साधन युरोपभर बिननावाचं, किंवा खरं तर नको इतक्या नावांनी हिंडलं. पाडुआच्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गॅलिलिओने १६०९ च्या उन्हाळ्यात त्याची बातमी ऐकली, स्वतः घासूनपुसून अधिक चांगलं बनवलं आणि ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या सरदारांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन त्यातून समुद्रावरची गलबतं दाखवली. डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी गलबत दिसतं म्हटल्यावर व्यापाऱ्यांच्या त्या नगरराज्याने त्याचा पगार जवळजवळ दुप्पट केला. तो या साधनाला इटालियनमध्ये ‘ओक्कियाले’ म्हणे, म्हणजे चष्माच. कुणी ‘कान्नोने’ म्हणे, म्हणजे मोठी नळी. पुढे दोन्ही जोडून ‘कान्नोक्कियाले’ झालं, नळीचा चष्मा. मार्च १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र जगाला सांगणारं पुस्तक त्याने लॅटिनमध्ये छापलं, तेव्हा मुखपृष्ठावर ‘पर्स्पिसिलुम’ हा शब्द घातला. लॅटिन असल्यामुळे तो भारदस्त वाटतो खरा, पण त्याचाही अर्थ आरपार पाहायची काच, इतकाच. तिकडे इंग्लंडात टॉमस हॅरियट गॅलिलिओच्याही आधी चंद्राचं चित्र काढून बसला होता. तो आपल्या साधनाला ‘ट्रंक’ म्हणे, म्हणजे नळकांडं.

ही सगळी नावं कारागिराच्या बाजूने आलेली आहेत. वस्तू हातात घेतली की काय दिसतं? नळी आणि काच. मग नाव तेच. त्यात चूक काही नाही. बहुतेक वस्तूंना आपण असंच हाक मारतो. पण या वस्तूच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. तिला मिरवणुकीने, पाहुणे बोलावून, जेवणावळ घालून नाव दिलं गेलं, आणि ते ना करणाऱ्याने दिलं, ना वापरणाऱ्याने.

१४ एप्रिल १६११ ची संध्याकाळ. रोममधली जानिकुलम टेकडी. यजमान फेदेरिको चेसी, वय वर्षं २६, खानदानी राजपुत्र. १६०३ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, त्याने ‘लिंक्स’ या तीक्ष्ण नजरेच्या रानमांजराच्या नावाने एक विद्वत्सभा काढली होती. मुख्य पाहुणा ४७ वर्षांचा गॅलिलिओ. पंगतीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, वैद्य, गणिती. उजेड होता तोवर पाहुण्यांनी साधनातून काही मैलांवरच्या लॅटरन चर्चच्या सज्जावर कोरलेली अक्षरं वाचली. काळोख पडल्यावर गुरूचे चंद्र पाहिले. याच मेजवानीत चेसीने या साधनाचं नवं नाव जाहीर केलं, टेलिस्कोपियम. शब्द रचणारा होता योआनिस देमिसियानी नावाचा ग्रीक पंडित, एका कार्डिनलच्या पदरी असलेला. बराच काळ श्रेय चेसीलाच मिळत राहिलं. एडवर्ड रोझेन यांनी १९४७ साली या एका शब्दाच्या बारशावर पुस्तक लिहून ते देमिसियानीकडे वळवलं.

त्या रात्रीबद्दल रोममध्ये फिरलेल्या हस्तलिखित बातमीपत्रात एक वाक्य आहे, ज्याकडे नामकरणाच्या गोष्टी सांगणारे सहसा पाहत नाहीत. पाहुणे मध्यरात्र उलटेपर्यंत थांबले, तरी जे दिसलं त्याबद्दल त्यांचं एकमत झालं नाही, असं त्यात नमूद आहे. म्हणजे नाव ठरलं, आणि ज्याला नाव दिलं ती वस्तू खरोखर तसं करते का, हे मात्र ठरलं नाही.

माझ्या मते या शब्दाचं सारं मर्म इथे आहे. १६१०-११ मध्ये भांडण नळीच्या लांबीवरून नव्हतं. काच दूरचं खरं दाखवते की काचेतच काही उमटतं आणि आपण त्याला आकाश समजतो, असा तो वाद होता. हा प्रश्न मूर्खांचा नव्हता. तेव्हाच्या भिंगांच्या कडेला रंगांची झालर दिसे, प्रतिमा विरघळल्यासारखी होई. बोलोन्यात गॅलिलिओने जमलेल्या विद्वानांना गुरूचे चंद्र दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते पटून परतले नाहीत. पाडुआतल्या क्रेमोनिनीने तर डोळा लावायलाच नकार दिला. अशा वेळी वस्तूला ‘नळीचा चष्मा’ म्हणणं तटस्थ आहे. तिला ‘दूरचं पाहणारा’ म्हणणं म्हणजे खटला चालू असताना एका बाजूचं वकीलपत्र घेणं. ‘टेले’ म्हणजे दूर, ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणं, निरखणं. हे नाव वर्णन करत नाही, दावा करतं. आणि ग्रीक असल्यामुळे तो दावा फार सभ्य दिसतो.

यावर कुणी म्हणेल, नावाने वाद जिंकता येत नाहीत. खरं आहे. रोममधल्या जेझुइट महाविद्यालयाच्या गणितज्ञांनी, म्हाताऱ्या क्लॅव्हियससह, त्याच महिन्यात गुरूचे चंद्र असल्याचं लेखी मान्य केलं, ते रात्रीमागून रात्री स्वतः पाहून. मेजवानीतल्या शब्दाचा त्यात वाटा नाही. पण नाव एक वेगळं काम करतं, ते प्रश्नाची जागा हलवतं. एकदा त्याला ‘दूरचं पाहणारा’ म्हणायची सवय लागली की ‘हे पाहतं का?’ असं कुणी विचारत नाही, ‘हे काय पाहतं?’ असंच विचारतं. पुढच्या पिढ्यांचं सगळं खगोलशास्त्र या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे.

त्या रात्रीच्या पाहुण्यांपैकी एकाचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. योहान श्रेक नावाचा जर्मन वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे होता. गॅलिलिओपाठोपाठ तोही चेसीच्या सभेचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी सारं सोडून जेझुइट पंथात गेला. १६१८ मध्ये चीनला निघालेल्या मिशनऱ्यांबरोबर तो लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढच्या वर्षी मकावला पोचला. चीनला नेण्यासाठी त्याने दुर्बीण बरोबर घेतली होती. लिपरहेच्या अर्जाला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. शब्दाच्या बारशाला जेवलेला माणूस मांडवीच्या काठी येऊन गेला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही. यायला हवं.

देमिसियानीने शब्द रचला असं म्हटलं खरं, पण शोधला म्हणणं अधिक बरोबर. ग्रीक भाषेत तो विशेषण म्हणून दोन हजार वर्षं पडून होता. अरिस्टोफेनीसच्या इसवी सनापूर्वी ४२३ मधल्या ‘ढग’ या प्रहसनात ढगांचा मेळा पृथ्वीकडे पाहायला निघतो, तेव्हा त्यांच्या दूरवर पाहणाऱ्या डोळ्याला हेच विशेषण लावलेलं आहे. गंमत अशी की त्या नाटकात आकाशाकडे टक लावून बसणाऱ्या विद्वानांची, थेट सॉक्रेटिसची, यथेच्छ टर उडवलेली आहे. ज्या शब्दाने पुढे आकाश पाहणाऱ्यांना प्रतिष्ठा दिली, तो त्यांची टिंगल करणाऱ्या नाटकात सापडावा!

फारसीत असंच झालं. ‘दूरबीन’ म्हणजे आधी दूरवरचं पाहणारा, सावध, दूरदर्शी माणूस. यंत्र आलं आणि विशेषणाचं नाम झालं. आपली दुर्बीण ती हीच, दीर्घ ‘दू’ ऱ्हस्व करून आणि ‘न’चा ‘ण’ करून घरात घेतलेली. संस्कृतातही तेच. दूरदर्शी म्हणजे पुढचं ओळखणारा शहाणा. ‘दूरदर्शन’ या शब्दाला जुन्या कोशांत दोन अर्थ दिलेले आढळतात, गिधाड आणि पंडित. आजच्या वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चा पाहिल्या की कोशकारांच्या दूरदृष्टीची खात्री पटते.

तीन भाषांत एकच वाट दिसते. आधी तो माणसाचा, पक्ष्याचा किंवा देवाचा गुण होता, मग यंत्राचं नाव झाला. या स्थलांतरात एक उलथापालथही झाली. दूरदृष्टीचा माणूस पुढे काय होणार ते पाहतो, त्याची दिशा भविष्याची. दुर्बिणीची दिशा नेमकी उलटी. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे पंचवीस लाख वर्षं लागतात, म्हणजे दुर्बीण जितकी लांब पाहते तितकं जुनं पाहते. यंत्राने माणसाचं विशेषण घेतलं आणि त्याचा काळ फिरवला.

‘स्कोप’चा गोतावळाही पाहण्यासारखा आहे. संस्कृतातलं ‘पश्यति’, हेर या अर्थाचा ‘स्पश’, लॅटिनमधला पाहण्याचा धातू ज्यातून ‘पर्स्पिसिलुम’ आणि चष्म्याचा ‘स्पेक्टॅकल’ आला, इंग्रजीतला ‘स्पाय’ आणि म्हणून ‘स्पायग्लास’, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. ग्रीकमध्ये फक्त व्यंजनांची अदलाबदल झाली. म्हणजे त्या रात्री पर्स्पिसिलुमची जागा टेलिस्कोपियमने घेतली, तेव्हा भाऊबंदकीतच गादी फिरली. याच ग्रीक धातूतून ‘स्केप्टिक’ निघतो, निरखून तपासल्याशिवाय न मानणारा. पंगतीतले मध्यरात्रीपर्यंत न पटलेले पाहुणे त्या अर्थाने टेलिस्कोपचे सख्खे चुलतभाऊ होते.

आता खरा प्रश्न. एका राजपुत्राच्या जेवणावळीत जाहीर झालेला, पंडिताने बेतलेला, सामान्य माणसाला न कळणारा शब्द टिकला कसा? बनवलेले शब्द रुजत नाहीत असं मराठीत आपण उठसूट म्हणतो. शासकीय परिभाषेची थट्टा करणं हा आपला आवडता उद्योग आहे. पण जुन्या विशेषणावरून का होईना, टेलिस्कोप हा बनवलेलाच शब्द होता आणि त्याने जग जिंकलं. तेव्हा ‘बनवलेला’ हा दोष असू शकत नाही. दोष कुठे असतो ते तपासायला हवं.

टेलिस्कोप टिकला, कारण त्याने वस्तूच्या घडणीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. १६६८ मध्ये न्यूटनने पुढचं भिंग काढून तिथे आरशाचं काम घेतलं. ‘पाहायची काच’ तिथेच लंगडी झाली. विसाव्या शतकात नळीही गेली, डोळाही गेला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. तबकड्या तारांच्या जाळीच्या, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. तिथे कुणी कशाला डोळा लावत नाही. येतात त्या रेडिओलहरी, आणि त्यांची गणितं संगणक मांडतो. याला ‘नळीचा चष्मा’ कोण म्हणेल? जर्मनांकडे ‘फेर्नरोर’, म्हणजे दूरची नळी, असा छान देशी शब्द होता आणि आहे. पण रेडिओच्या वेळी त्यांना ‘टेलेस्कोप’कडेच वळावं लागलं, कारण नळी उरलीच नव्हती. इटालियनांनीही कान्नोक्कियाले बाजूला ठेवून ‘रादिओतेलेस्कोपिओ’ केलं. मराठीला असं काही करावं लागलं नाही. आपण सरळ ‘रेडिओ दुर्बीण’ म्हटलं आणि कुणाला खटकलं नाही. दुर्बीण या शब्दातही काच नाही, नळी नाही. फक्त दूर आणि पाहणं.

म्हणून शब्द बेतणाऱ्यांनी एवढं पाहावं, की नाव कामावरून द्यावं, घडणीवरून नाही. घडण बदलते. पण हे पुरेसं आहे असंही नाही. सूक्ष्मदर्शक हा शब्द कामावरूनच बेतलेला आहे, बिनचूक आहे, तरी तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेर फारसा पडला नाही. १६२५ मध्ये चेसीच्याच सभेतल्या योहान फाबरने टेलिस्कोपच्या साच्यावर ‘मायक्रोस्कोप’ हा शब्द काढला, तो मात्र सगळीकडे चालला. फारसी-उर्दूत सूक्ष्मदर्शकाला ‘खुर्दबीन’ आहे, दुर्बिणीची पाठची बहीण. ती मराठीत आली नाही. माझं अनुमान असं की दुर्बीण मराठीत आली ती दरबार आणि लष्कराच्या फारसीतून, वस्तूबरोबर, माणसांच्या हातांतून. सूक्ष्मदर्शक आला तो शाळेच्या पुस्तकातून, वस्तू पाहण्याआधी. मराठी मुलाला आजही हा शब्द आधी पाठ होतो आणि यंत्र, नशीब असेल तर, नंतर दिसतं. ज्या शब्दाची वस्तू हाताळलेली नसते त्याच्याशी कुणी खेळत नाही, आणि खेळल्याशिवाय शब्दाला दुसरा अर्थ फुटत नाही.

टेलिस्कोपशी इंग्रज खेळले. खलाशाची पितळी दुर्बीण एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असे. वापर झाला की दाबून खिशात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अपघात होऊन डबे एकमेकांत घुसू लागले, तेव्हा इंग्रजीने त्याला ‘टेलिस्कोप होणं’ म्हटलं. दूरचं पाहण्याचा या अर्थाशी काडीचाही संबंध नाही. देमिसियानीने नावातून जाणूनबुजून वगळलेली नळी लोकांनी मागच्या दाराने आत आणली. आता टेलिस्कोपिक शिडी असते, मोटरसायकलचे टेलिस्कोपिक फोर्क असतात. भारतीय रेल्वेत अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्याला टेलिस्कोपिक दर म्हणतात. विजेच्या बिलात पहिल्या टप्प्याच्या युनिटना एक दर आणि पुढच्या टप्प्यांना वाढता दर लागतो, तीही टेलिस्कोपिक पद्धत. आकाशातून निघालेला शब्द महावितरणच्या बिलापर्यंत येऊन पोचला.

मराठी माणूस दुर्बिणीशी खेळला तो दुसऱ्याच जागी, इस्पितळात. ‘पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल. शिकलेले लोक यावर हसतात. पोटात कसली दुर्बीण, ती लॅपरोस्कोपी, असं सुधारून सांगतात. हे हसणं अज्ञानाचं आहे. एक तर लॅपरोस्कोपीतला ‘स्कोप’ टेलिस्कोपच्याच घराण्यातला. दुसरं, शस्त्रक्रियेच्या खोलीत ती भिंगं बसवलेली सडपातळ दांडी मागताना सर्जन स्वतः तिला ‘टेलिस्कोप’ म्हणतात. जिथे डोळा पोचत नाही तिथलं दाखवते ती दुर्बीण, हा लोकांनी धरलेला अर्थ कुठल्याही परिभाषा समितीने दिला असता त्याहून काटेकोर आहे. ‘दूर’ म्हणजे मैलांचं अंतर, अशी अट त्यांनी काढून टाकली. एका बोटाच्या अंतरावरचं पित्ताशयही दूरच असतं, पोट मध्ये असेल तर. छातीचे ठोके ऐकायच्या नळीला लाएनेकने १८१६ नंतर ‘स्टेथोस्कोप’ म्हणजे छाती पाहणारा म्हटलं. कानाने पाहणाऱ्या त्या यंत्रावर मात्र कुणी हसत नाही, कारण ते नाव ग्रीक आहे.

शब्दाचा मालक त्याला नाव देणारा नसतो, असं साधारणपणे म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. देमिसियानीने कामाकडे बोट दाखवलं नसतं, तर जाळीच्या तबकड्यांना टेलिस्कोप म्हणता आलं नसतं. खलाशांनी आणि रोग्यांनी नळी परत आणली नसती, तर शब्द वेधशाळेतच म्हातारा झाला असता. पंडिताचं नाव आणि लोकांचा वापर यांत डावं-उजवं करण्याची आपल्याकडची खोड सोडली पाहिजे. शुद्धीवाल्यांना वाटतं, फारसी दुर्बीण घालवून ‘दूरदर्शक’ आणला की भाषा उजळेल. बोलीवाल्यांना वाटतं, समितीने काढलेला प्रत्येक शब्द मेलेलाच जन्मतो. पहिल्यांना दुर्बिणीने उत्तर दिलं आहे, दुसऱ्यांना टेलिस्कोपने.

पुढची परीक्षा जवळ आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचा प्रकल्प उभा राहतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, आतून लेसरचा किरण, आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की अवकाशात उठणारी थरथर प्रोटॉनपेक्षाही लहान हालचालीतून टिपायची. ते यंत्र आकाशातून येणारा प्रकाश पाहणार नाही, रेडिओलहरीही नाही. त्याच्या इंग्रजी नावात वेधशाळा आहे, टेलिस्कोप नाही. मराठीत त्याचं नाव जरूर बेतावं, कामावरून बेतावं, आणि शाळेच्या सहली तिथे नेऊन मुलांना यंत्र आधी दाखवून मग तो शब्द सांगावा. आणि औंढ्याच्या आसपासच्या लोकांनी तरीही त्याला दुर्बीणच म्हटलं, तर उत्तरपत्रिकेत तो शब्द लाल शाईने खोडू नये, एवढी शिक्षकांना विनंती आहे.